तळमजल्यावरचं वर्ष

१६ जून १९९७, सोमवार

कॉलेज सुरू झालं. सकाळपासून गल्लीतून पोरी सायकलींवर गंगापूर रोडच्या दिशेने चाललेल्या. दोन वर्षांपूर्वीच्या जूनला मीही त्यांच्यातूनच मोपेड काढत जायचे, हॉर्न वाजवत. आज खिडकीत.

चांदवडच्या पुढे जीप उलटली त्याला काल वर्ष झालं. प्रभाकरच्या लक्षात असणार. आज शाळेतून येताना कांदाभजी घेऊन आला.

कमरेखाली काही कळत नाही. हे वाक्य लिहिताना आता पेन अडत नाही. तेवढी प्रगती.

रजा या महिन्याअखेर संपते.

१८ जून, बुधवार

देवरे सर आले. केमिस्ट्रीचे हेड, पण आमच्या घरी पहिल्यांदाच. सटाण्याकडचे. एरवी बोलणं शहरी, पण जीव वरखाली झाला की अहिराणी बाहेर येते.

चहाचा कप हातात धरून सरळ म्हणाले, "मॅडम, खरं सांगू? मला वाटलं तुम्ही आता येत नाही. तुमच्या जागी एका पोराचं नाव सुचवलं होतं मी."

राग यायला हवा होता. उलट बरं वाटलं. वर्षभर प्रत्येक जण नुसतं गोड बोलतोय.

"मी येणार आहे, सर."

"आपलं डिपार्टमेंट दुसऱ्या मजल्यावर शे."

"माहितीये."

मग चहा संपवून उठले. जाताना दारात म्हणाले, "बघू दे मला काहीतरी."

२० जून, शुक्रवार

प्राचार्यांचा फोन. लायब्ररीत बसाल का, तळमजला आहे, शांत काम आहे, दर्जा तोच राहील. "तुम्हाला त्रास होऊ नये एवढाच हेतू, गांगुर्डे मॅडम." सगळ्यांचा तेवढाच हेतू असतो. माझा त्रास वाचवता वाचवता मलाच काढून टाकतील.

मी म्हटलं, मला केमिस्ट्री शिकवायचीय. प्रॅक्टिकलसकट.

ते म्हणाले, मग एक वर्ष बघू. पुढच्या जूनमध्ये मेडिकल बोर्डापुढे जावं लागेल. काम झेपतं असं बोर्ड म्हणालं तर राहाल, नाहीतर वैद्यकीय कारणावरून निवृत्ती.

अडतिसाव्या वर्षी निवृत्ती. फोन ठेवल्यावर प्रज्ञाने विचारलं, "आई, निवृत्ती म्हणजे पेन्शन ना? अप्पा आजोबांसारखी?" पाचवीतली मुलगी, सगळं ऐकत असते.

२२ जून, रविवार

प्रभाकर म्हणाला, चल, आधी बघून तर येऊ. युसूफभाईंची रिक्षा सांगितली. खुर्ची घडी करून मागे बांधली. सुट्टीचा दिवस, कॅम्पस रिकामा.

आम्ही दोघं याच कॉलेजात शिकलो. मग मी इथेच नोकरीला. तरी आज कॅम्पस पहिल्यांदा बघितल्यासारखा वाटला. मेन बिल्डिंग काळ्या दगडाची, समोर रुंद पायऱ्या, दर वर्षी ग्रुप फोटो तिथेच. खालून बघितलं तर किल्ला. लायब्ररीला एवढा मोठा उंबरा आहे हे कधी जाणवलंच नव्हतं. कँटीन सपाट, पण पुढे खडी, चाकं रुतली. ऑडिटोरियमला मागून सामान चढवायचा उतार आहे. म्हणजे हार्मोनियम आत जाऊ शकते, मी पण जाईन. बुचाच्या झाडांखाली फुलांचा चिखल.

प्रज्ञा पुढे पळून ओरडत होती. "आई, इथून जातं! आई, इथून नाही जात!"

सायन्स बिल्डिंग तीन मजली. खाली बॉटनी, मध्ये फिजिक्स, सगळ्यात वर आम्ही. बांधताना म्हणे मुद्दामच वर ठेवलं, वास बाहेर जावा म्हणून. जिन्याच्या पहिल्या पायरीशी खुर्ची उभी करून प्रभाकर पायऱ्या मोजत राहिला. मीपण.

परत येताना तो म्हणाला, "लायब्ररी वाईट नाही गं."



२४ जून, मंगळवार

देवरे सरांनी खरंच बघितलं! सायन्स बिल्डिंगच्या तळमजल्यावर कोपऱ्यातला हॉल आहे. जिमखान्याचं छप्पर गळतं म्हणून तिथे टेबलटेनिसचं टेबल तात्पुरतं आणलं होतं. तात्पुरतं म्हणजे मी एस.वाय.ला असल्यापासून. सरांनी प्राचार्यांना सांगितलं, एफ.वाय.ची लॅब खाली त्या हॉलमध्ये आणतो. नाहीतरी वर गर्दी होते. गॅसची नळी बाहेरून घेता येईल.

जिमखान्याचे पवार सर प्रचंड नाराज. स्टाफरूममध्ये म्हणाले म्हणे, एका माणसासाठी सगळा खेळ बंद. मी त्यांच्या जागी असते तर मीही म्हटलं असतं.

१ जुलै, मंगळवार

रुजू झाले.

सायन्स बिल्डिंगच्या प्लिंथच्या, म्हणजे जोत्याच्या, पायऱ्या चढताना दोन शिपायांनी खुर्चीसकट उचललं. दोन्ही बाजूंना पोरं-पोरी थांबून बघतायत. मिरवणुकीतल्या मूर्तीसारखं. हसावं की डोळे मिटावं कळेना. शेवटी "जरा जपून रे, मी महाग आहे" म्हटलं. सगळे हसले. मग बरं वाटलं.

तळमजल्यावरच्याच वर्गात फळ्याचा खालचा अर्धा भाग माझा. मागच्यांना दिसेना. पुढच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, वरचं मी लिहू का?" वैशाली गावित. गिरणाऱ्याच्या पुढून येते, एस.टी.ने. अक्षर सुंदर. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. तास संपेपर्यंत मी पायांबद्दल विसरले होते.

सकाळपासून पाणी प्यायले नाही. चहाही नाही. युक्ती जमली.

३ जुलै, गुरुवार

युक्तीबद्दल लिहून ठेवते, कारण कोणाला सांगायचं नाही.

लघवीचं मला आपोआप कळत नाही. ठरावीक वेळाने स्वतः नळी घालावी लागते. मुंबईच्या हॉस्पिटलात शिकवलं, आता हात बसलाय. पण त्यासाठी स्वच्छ जागा हवी, खुर्ची आत जायला हवी आणि दाराला कडी हवी. अख्ख्या कॅम्पसमध्ये अशी जागा नाही. लेडीज टॉयलेट पहिल्या मजल्याच्या वळणावर. मेन बिल्डिंगमधलंही वरच.

डॉक्टरांनी बजावलंय, भरपूर पाणी. मी ते संध्याकाळी घरी गेल्यावर पिते. सकाळी आठ ते चार कोरडी. प्रभाकर विचारतो, कॉलेजात सोय आहे ना सगळी? आहे म्हणते.

१० जुलै, गुरुवार

खालच्या लॅबमध्ये पहिलं प्रॅक्टिकल. टायट्रेशन. सरांनी माझ्यासाठी एक बुटका ओटा करून घेतलाय, त्याच्याखाली खुर्ची बरोबर जाते. सुताराने माप विचारलं तेव्हा सरांनी स्वतः खुर्चीवर बसून दाखवलं म्हणे.

गंमत अशी की ब्युरेटच्या उभ्या काचनळीवरचं रीडिंग बसूनच चांगलं येतं. डोळा आपोआप पातळीला. उंच ओट्यावर पोरं टाचा उंच करून बघतात नि चुकतात. माझ्या ओट्यावर यायला रांग लागली. फिनॉल्फ्थॅलिनचा तो पहिला फिका गुलाबी रंग. वर्षाने पाहिला.

घरी आल्यावर डोकं फार दुखत होतं. पाणी कमी पडतंय. चालेल.

२९ जुलै, मंगळवार

प्लिंथला सिमेंटचा उतार झाला. पहिला इतका खडा केला होता की शिपाई म्हणाला, मॅडम, यावरून बकरी पण घसरेल. सरांनी फोडायला लावून परत लांब केला. आता मी एकटी वर जाते. आज दोनदा उगीचच खाली येऊन परत वर गेले. कोणी बघत नव्हतं. बघत असतं तरी गेले असते.

११ ऑगस्ट, सोमवार

थंडी वाजून ताप. तास अर्धा सोडला. युसूफभाई म्हणाले, "टीचर, डॉक्टरके पास लेता हूँ सीधा." नको म्हटलं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

नको म्हणून काही उपयोग झाला नाही. परवापासून हॉस्पिटलात. इन्फेक्शन मूत्रपिंडापर्यंत गेलंय. सलाईन. सुई टोचलेल्या हाताने लिहितेय म्हणून अक्षर असं.

डॉक्टरबाई वयाने माझ्याएवढ्याच. रिपोर्ट बघून विचारलं, दिवसभरात पाणी किती पिता? खोटं बोलणार होते. बोलता आलं नाही.

"पाय अपघाताने गेले मॅडम. किडनी तुम्ही स्वतः घालवताय."

त्या गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडले. सोडून द्यावं सगळं. लायब्ररीही नको. घरी बसावं, ट्यूशन घ्याव्यात, वेळेवर पाणी प्यावं. बोर्डाची वाट कशाला बघायची.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

प्रभाकरला सांगितलं. सगळं.

तो प्रचंड चिडला. मग, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, घरी बस."

"म्हणालो असतो." थोड्या वेळाने परत, "हो, म्हणालो असतो."

मग खुर्ची ओढून जवळ बसला, मोसंबी सोलत. एक एक फोड देत होता. 

१७ ऑगस्ट, रविवार

ताप उतरला.

वैशाली आणि तिची एक मैत्रीण भेटायला आल्या. रविवारी मुद्दाम एस.टी. पकडून. येताना नाचणीच्या भाकरी आणि लसणाची चटणी, आईने दिलेली. लाजत पलंगाशी उभ्या. काय झालं होतं मॅडम? मी म्हटलं, पाणी कमी प्यायले.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"आम्हीबी नाय पीत, मॅडम."

"का?"

"वरचा संडास लय घाण हाय. कडी नाय त्याला. एकीने दार धरून उभं राहायचं. अन् तिथंच जिन्यात पोरं उभी राहतात." वैशाली खाली बघून सांगत होती. "सकाळी घरून निघताना जायचं, मंग एकदम घरी गेल्यावर."

"सहाची गाडी ना तुझी?"

"हा. अन् अडचण असली का यायचंच नाय. दोन-तीन रोज."

स्टाफरूममध्ये आम्ही म्हणत असतो, गावाकडच्या मुली, मधूनच गायब होतात, शेतीच्या कामाला राहिल्या असतील. प्रॅक्टिकल बुडतं. आणि त्या इकडे दिवसभर तहानेल्या.

मैत्रीण म्हणाली, "माझ्या बहिणीने याच्यापायीच कॉलेज सोडलं."

त्या गेल्यावर भाकरी खाल्ली. हॉस्पिटलात आल्यापासून पहिल्यांदा चव लागली.

मी एकटीच नाहीये. इतके दिवस वाटत होतं की अडचण माझ्या शरीरात आहे. अडचण त्या बिल्डिंगमध्ये आहे.

१९ ऑगस्ट, मंगळवार

घरी. डॉक्टरबाईंनी दम दिलाय, कॉलेजात सोय होत नाही तोवर अर्धा दिवसच. प्रभाकरने मधल्या सुट्टीत शाळेतून येऊन मला घरी न्यायचं ठरवलं. कसं जमवणार कोण जाणे. पण लायब्ररीचं नाव काढलं नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

परत रुजू. गळ्यात पाण्याची बाटली, शाळेतल्या मुलांसारखी. प्रज्ञाची जुनी, तिच्यावर बदक आहे.

३ सप्टेंबर, बुधवार

प्राचार्यांच्या केबिनमध्ये मीटिंग. देवरे सर, पवार सर, ऑफिस सुपरिंटेंडेंट, आणखी दोघं. सगळे पुरुष. मध्ये चहाचा ट्रे. मला वाटलं होतं 'सुविधा', 'प्रसाधन' असं काहीतरी म्हणून निभावेन. मग वैशालीचं आठवलं.

"सर, मला संडासाबद्दल बोलायचंय."

कोणीतरी कप खाली ठेवला. मी थांबले नाही. माझं सांगितलं. मग मुलींचं. कडी नसलेलं दार, महिन्यातले ते दिवस, पाणी न पिणं, सोडून गेलेली बहीण. 

 प्राचार्य चष्मा पुसत होते. "हे आधी सांगायला हवं होतं कोणीतरी."

"कोणाला सांगणार सर?"

ते खरंच विचारात पडले. वाईट माणूस नाही. त्यांना तीन मुलगे.

सुपरिंटेंडेंट म्हणाले, नवीन बांधकाम म्हणजे मंजुरी, या वर्षी शक्य नाही. आणि एका मॅडमसाठी... पुढचं वाक्य गिळलं.

मला वाटलं संपलं. तेवढ्यात पवार सर, ज्यांचा टेबलटेनिसचा हॉल गेला ते, म्हणाले, "एका मॅडमचं कसं काय? बाहेरच्या कॉलेजच्या मुली मॅचला येतात माझ्याकडे. दर वेळी विचारतात सर, कुठे जायचं. मी दुसरीकडे बघतो. काय सांगू त्यांना?"

कान लाल झाले होते त्यांचे.

आणि देवरे सर म्हणाले, "बांधायचं कशाला? जिन्यामागे बंद खोली शे ना. बिल्डिंग झाली तेव्हा ते लेडीज टॉयलेटच होतं."

४ सप्टेंबर, गुरुवार

किल्ली सापडेना. ऑफिस म्हणे स्टोअरकडे, स्टोअर म्हणे ऑफिसकडे. शेवटी देवरे सरांनी हातोडी मागवली. शिपाई बिचकत होता. "तोड भो! मी शे ना आठे!"

कुलूप पडलं. आत मोडके बाक छतापर्यंत. फाटकी टी.टी.ची जाळी, गॅदरिंगचा एक लाकडी महाल, कबुतरं. सर ओरडले, "निस्ता कबाड!" पण भिंतीला टाइल्स होत्या, वर झरोका होता, आणि बाकांच्या मागे रांगेने दारं. मुलींसाठी बांधलेली जागा आणि तिच्यात बाक कोंबलेले.

वैशालीचा वर्ग प्रॅक्टिकल सोडून बाहेर आला. मी रागावणार होते. पोरींनी बाक ओढायला सुरुवात केली. मग पोरंही आली. तासाभरात खोली मोकळी. सगळ्यांच्या केसांत धूळ. शिंकत शिंकत टायट्रेशन केलं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

काम बंद. ड्रेनेजचा पाइप तुंबलेला निघाला, पुढे कुठे जातो कोणाला माहीत नाही. गवंडी दुसऱ्या कामावर निघून गेला. सुपरिंटेंडेंटच्या चेहऱ्यावर 'मी सांगितलं होतं ना' असा भाव.

दुपारी प्रभाकर न्यायला येतो. त्याच्या हेडमास्तरांनी आज विचारलं म्हणे, हे किती दिवस चालणार. त्याने मला ते सांगितलं आणि लगेच म्हणाला, "चालेल तेवढे दिवस."

१८ ऑक्टोबर, शनिवार

पाइप सापडला. बॉटनीच्या बागेखालून गेला होता, मुळांनी भरलेला. बॉटनीवाल्यांनी एक गुलमोहोर पाडू दिला. माझ्यासमोर म्हणाले, झाड काय परत लावू.

दोन दारांमधली भिंत काढून एक मोठी खोली करायचीय, खुर्ची वळेल अशी. गवंड्याला कळेना एवढी मोठी कशाला. मी खुर्ची आत नेऊन गोल फिरवून दाखवली. "हां हां, रिक्षा वळते तशी," म्हणाला. बाहेर युसूफभाई उभे होते, त्यांना फार आवडलं ते.

दाराला कडी खाली लावायला सांगितलीय. आणि बाकीच्या सगळ्या दारांनाही. मजबूत.

दिवाळीची सुट्टी लागेल आता. सुट्टीत पुरं करतो म्हणालेत.

१७ नोव्हेंबर, सोमवार

झालं.

फीत नाही, नारळ नाही. प्राचार्य येऊन दारातूनच बघून गेले, आत कसं यायचं म्हणून संकोचले. झाडणाऱ्या शांताबाईंनी सकाळी फिनेलने सगळं धुतलं होतं. रंगाचा वास. नळ सोडला, पाणी आलं.

बाहेर मुली जमल्या होत्या. मला म्हणाल्या, मॅडम तुम्ही आधी. मी म्हटलं, दारं पुष्कळ आहेत, एकदमच जाऊ.

आत गेले. खुर्ची वळवली. दार लावलं. कडी लागली.

काय लिहू. इतकी साधी गोष्ट. बाहेर मुलींचा कलकलाट, नळ, बांगड्या, कोणीतरी हसतंय. आणि मी आत एकटी, दार बंद करून, घाई न करता. रडले थोडी. मग मलाच हसू आलं, की कुठे बसून रडतेय.

बाहेर येऊन स्टाफरूममध्ये तांब्याभर पाणी प्यायले. दुपारी परत एक. चहा दोनदा. पवार सर म्हणाले, मॅडम आज फॉर्मात. संपूर्ण दिवस थांबले. मधल्या सुट्टीआधीच प्रभाकरला शाळेत फोन केला होता, येऊ नकोस, मी चार वाजता युसूफभाईंबरोबर येते.

तो म्हणाला, "बरं."  त्यालाही सुटल्यासारखं झालं असणार.

८ डिसेंबर, सोमवार

रिपोर्ट स्वच्छ. डॉक्टरबाई पहिल्यांदा हसल्या. विचारलं, कसं केलंत? सांगितलं. म्हणाल्या, आमच्या हॉस्पिटलातही तुमच्या कॉलेजची माणसं पाठवा जरा.

थंडी कडक. पायांना कळत नाही म्हणून दोन मोजे घालते.

२२ जानेवारी १९९८, गुरुवार

वैशाली आता दुपारच्या प्रॅक्टिकललाही थांबते. तिच्या गावाकडच्या आणखी तिघीही. बहिणीने परत नाव घालावं म्हणून मैत्रीण घरी भांडतेय. बाप म्हणतो, लग्न ठरवलंय. काय होईल माहीत नाही.

शांताबाई दारावर नजर ठेवून असतात. एका पोराने जिन्यात उभं राहून शिट्टी मारली, त्याला झाडू दाखवला. आता जिना मोकळा असतो.

नळ एकदा गळला, झरोक्याची काच एकदा फुटली. दोन्ही दुरुस्त झालं. हे मला उद्घाटनापेक्षा मोठं वाटतं.

१२ मार्च, गुरुवार

विद्यापीठाची प्रॅक्टिकल परीक्षा. बाहेरचे परीक्षक तळमजल्यावर लॅब बघून चकित. वैशालीचं रीडिंग तंतोतंत. व्हायवाला घाबरून गप्प झाली होती, मग परीक्षकांनी विचारलं हा रंग का बदलतो, तर सुटली एकदम. अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत, मध्ये एक 'मंग'. ते मान डोलावत होते.

मी वर्षात आजारपण आणि ते अर्धे दिवस सोडून एकही प्रॅक्टिकल बुडवलं नाही.

१० मे, रविवार

मनमाडला माहेरी, अप्पांकडे. रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालेला माणूस, माझ्यासाठी ओट्याला लाकडी उतार करून ठेवलाय, चाक घसरू नये म्हणून पट्ट्या ठोकल्यात. अपघातानंतर या घरात पहिल्यांदा आले. शेजारपाजारच्या बाया बघायला आल्या, एक दोघी रडल्या. अप्पा म्हणाले, "रडताय काय? नोकरीला जाते ती."

रात्री यार्डातल्या शंटिंगचा आवाज. गाढ झोप.

१५ जून, सोमवार

कॉलेज सुरू. गेल्या वर्षी खिडकीत होते. आज गेटवर. नवीन एफ.वाय.च्या पोरी घोळक्याने उभ्या, कोणाला काय विचारावं कळत नाहीये. एकीने खुर्चीकडे बघत माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "लेडीज टॉयलेट कुठे आहे?"

सायन्स बिल्डिंग, तळमजला, जिन्यामागे. सांगताना फारच अभिमानाने सांगितलं बहुतेक. ती घाबरून पळाली.

२२ जून, सोमवार

बोर्डाची तारीख आली. गुरुवार, सिव्हिलला. प्रभाकरने रजा टाकली.

प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, मी माझं मत चांगलंच कळवलंय, पण निर्णय त्यांचा. डॉक्टर पाय तपासणार मॅडम, शिकवणं नाही. खरं आहे.

भीती वाटायला हवी. वाटते, पण गेल्या वर्षीसारखी नाही. गेल्या वर्षी मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं की झेपेल का.

२४ जून, बुधवार

उद्या बोर्ड.

डॉक्टरबाईंनी सगळे रिपोर्ट एकत्र लावून दिलेत. साडी प्रज्ञाने निवडली, निळी. प्रभाकर मघापासून तिला इस्त्री करतोय, एकाच जागी परत परत.

दुपारी देवरे सरांनी नवीन टाइमटेबल लावलं. शुक्रवारी एफ.वाय. प्रॅक्टिकल, पहिली बॅच, तळमजला. पुढे माझं नाव.

मी म्हटलं, "सर, बोर्ड उद्या आहे. शुक्रवारी मी असेन की नाही..."

"मग?" चष्म्यावरून बघितलं. "ब्युरेट कोण धुऊन ठेवणार, तुम्ही का मी?"

मी धुऊन ठेवल्या. स्टँडला उलट्या लावल्या, पाणी निथळायला. बुटक्या ओट्यावरची माझी वेगळी.